विकी-लेखनपद्धतीने उत्क्रांतिवृक्षाची आखणी : एक विवेचन

सारांश : उत्क्रांतिवृक्ष ही केवळ आकृती नसून सजीवांच्या नात्यांविषयी केलेले विधान असते. ते चित्ररूपात मांडले की त्यातील चूक शोधणे व दुरुस्त करणे कठीण होते. मजकुराच्या रूपात लिहिले की ते वाचता, तपासता व बदलता येते. विकिपीडियावर वापरल्या जाणाऱ्या 'क्लेड' या साच्याच्या आधारे असा वृक्ष कसा लिहावा, हे प्रस्तुत लेखात परिचित प्राण्यांच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : उत्क्रांतिवृक्ष, क्लेड, विकी, साचा, न्यूइक पद्धती, सरीसृप

प्रस्तावना

चार्ल्स डार्विन यांनी १८३७ साली आपल्या टिपणवहीत फांद्या फुटलेल्या झाडासारखी एक लहानशी आकृती काढली. पुढे १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात एकच आकृती होती आणि तीही शाखाविस्ताराचीच होती. अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये सजीवसृष्टीचे सविस्तर वृक्ष रेखाटले. विली हेनिग यांनी १९५० मध्ये अशा वृक्षांच्या रचनेला काटेकोर तार्किक पाया दिला. आज जीवशास्त्राचे क्वचितच एखादे पाठ्यपुस्तक उत्क्रांतिवृक्षाशिवाय पूर्ण होत असेल.

असे असले तरी वर्गात हा वृक्ष बहुधा 'पाहिला' जातो, 'वाचला' जात नाही. प्रस्तुत लेखिकेचा अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत पृष्ठवंशीय प्राण्यांचा एक वृक्ष संदर्भग्रंथातून फळ्यावर उतरवून दिला होता. जागा अपुरी पडल्यामुळे त्यातील दोन फांद्यांचा क्रम बदलला आणि मगर व पाल शेजारी आल्या. फांद्यांची जोडणी बरोबर होती; तथापि परीक्षेत अनेक विद्यार्थ्यांनी 'मगर ही पक्ष्यांपेक्षा पालीला जवळची आहे' असे लिहिले, आणि कारण म्हणून 'आकृतीत त्या शेजारी आहेत' असेही लिहिले. विद्यार्थ्यांनी आकृती प्रामाणिकपणे पाहिली होती. ती कशी वाचावयाची, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. हा दोष शिकविणाराचा होता. पुढे हीच आकृती संगणकावर चित्ररूपात तयार केली, तेव्हा दुसरी अडचण आली. इंग्रजी नावांच्या जागी मराठी नावे घालण्यासाठी संपूर्ण चित्र नव्याने काढावे लागले.

या दोन्ही अडचणींवर उपयुक्त ठरलेला मार्ग म्हणजे वृक्ष मजकुराच्या रूपात लिहिणे. त्याची ओळख सर्व विद्याशाखांतील प्राध्यापकांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

उत्क्रांतिवृक्ष नेमके काय सांगतो?

वृक्षाची तीन अंगे लक्षात घ्यावीत. फांद्यांच्या टोकांशी आपण ज्यांची तुलना करतो ते सजीव असतात. दोन किंवा अधिक फांद्या जेथे फुटतात तो फाटा. तो त्या फांद्यांच्या समान पूर्वजाचे स्थान दर्शवितो. सर्वांत जुना फाटा म्हणजे मूळ. एक पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज मिळून जो गट होतो, त्याला 'क्लेड' म्हणतात. येथे 'सर्व' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकही वंशज वगळला तर तो गट क्लेड राहत नाही.

यावरून नाते ठरविण्याचा नियम निघतो. दोन सजीवांचे नाते टोकांच्या शेजारावरून ठरत नाही, तर त्यांचा समान फाटा किती अलीकडचा आहे यावरून ठरते. कोणत्याही फाट्यापाशी वरची फांदी खाली व खालची वर केली, तरी अर्थ बदलत नाही. आपल्या कुटुंबाच्या वंशावळीत थोरल्या भावाचे नाव डावीकडे लिहिले काय किंवा उजवीकडे, चुलत भावंडांचे नाते तेच राहते. तसेच हे आहे.

मजकुरातून वृक्ष : मूळ कल्पना

फाट्याची कल्पना कंसाने व्यक्त करता येते. मगर आणि चिमणी यांचा समान फाटा दाखवावयाचा तर (मगर,चिमणी) असे लिहावे. या जोडीशी कासवाचे नाते दाखवावयाचे तर (कासव,(मगर,चिमणी)) असे लिहावे. आतला कंस अलीकडचा फाटा, बाहेरचा कंस जुना फाटा. १८५७ साली गणितज्ञ आर्थर केली यांनी वृक्षांचा गणिती विचार मांडला होता. संगणकीय जीवशास्त्रात कंसांच्या या लेखनाला प्रमाण रूप १९८६ मध्ये मिळाले. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील डोव्हर येथील 'न्यूइक्स' या उपाहारगृहात जोसेफ फेल्सेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते निश्चित केले. म्हणूनच या पद्धतीला 'न्यूइक पद्धती' असे नाव पडले. यात संपूर्ण वृक्षाच्या शेवटी अर्धविराम देतात.

विकिपीडियाचा 'क्लेड' साचा हीच कल्पना अधिक सुवाच्य रूपात वापरतो. 'साचा' म्हणजे एकदा तयार करून ठेवलेला आणि दुहेरी महिरपी कंसात नाव लिहून कोठेही बोलावता येणारा मजकुराचा आराखडा. या साच्याला केवळ नावे व त्यांची घडण सांगावयाची असते. रेषा तो स्वतः आखतो. या रेषा म्हणजे वस्तुतः चित्र नव्हे. पडद्यावर एकात एक कोष्टके मांडली जातात आणि त्यांच्या ठराविक कडाच दृश्य ठेवल्या जातात. म्हणूनच वृक्षातील प्रत्येक नाव हा शोधता येणारा, नक्कल करता येणारा आणि दुसऱ्या पानाशी जोडता येणारा मजकूर असतो. विकिपीडियावर २०१३ मध्ये 'लुआ' या संगणकभाषेची सोय झाली. आज या साच्याचे अंतर्गत काम त्या भाषेतील विभागामार्फत चालते. वापरणाऱ्याला मात्र ती भाषा येण्याची आवश्यकता नाही.

साच्याचे लेखन

पुढील नमुन्यांत साच्याचे शब्द व अंक वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष लेखनात 'क्लेड' व 'लेबल' हे शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि अंक इंग्रजी वळणाचेच लिहावे लागतात. प्राण्यांची नावे मात्र देवनागरीत लिहिता येतात. ही सूचना किरकोळ वाटली तरी महत्त्वाची आहे. मराठी कळफलक चालू असताना '१' असा देवनागरी अंक पडला, तर साचा त्याला ओळखत नाही आणि ती फांदी दिसतच नाही. प्रस्तुत लेखिकेचा पहिल्या प्रात्यक्षिकाचा जवळजवळ संपूर्ण तास ही एक चूक शोधण्यात गेला होता.

सर्वांत लहान वृक्ष दोन फांद्यांचा :

{{क्लेड
|१=मगर
|२=चिमणी
}}

उभ्या रेघेनंतरचा अंक हा फांदीचा अनुक्रमांक होय. तो केवळ वरून खाली मांडणीचा क्रम सांगतो; श्रेष्ठ-कनिष्ठ किंवा आधी-नंतर असा अर्थ त्यात नाही. फांदीच्या टोकाशी एका नावाऐवजी नवा फाटा हवा असेल, तर त्या जागी संपूर्ण साचाच पुन्हा लिहावयाचा :

{{क्लेड
|१=कासव
|लेबल२=आर्कोसॉरिया
|२={{क्लेड
   |१=मगर
   |२=चिमणी
   }}
}}

'लेबल२' हे दुसऱ्या फांदीवर लिहावयाचे नाव आहे. लेबल आणि अंक यांच्यामध्ये जागा सोडू नये. मगर व पक्षी ज्या गटात येतात त्याचे शास्त्रीय नाव आर्कोसॉरिया असून नामशेष डायनोसॉरही याच गटात मोडतात.

एक सविस्तर उदाहरण

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना परिचित असे नऊ प्राणी घेऊ : गाय, पाल, सापसुरळी, सरडा, घोरपड, नाग, कासव, मगर आणि चिमणी. आधी न्यूइक पद्धतीने लिहू :

(गाय,((पाल,(सापसुरळी,(सरडा,घोरपड,नाग))),(कासव,(मगर,चिमणी))));

यात कंसांच्या सात जोड्या आहेत, म्हणजे सात फाटे आहेत. आता साच्यात :

{{क्लेड
|१=गाय
|लेबल२=सॉरॉप्सिडा
|२={{क्लेड
   |लेबल१=स्क्वामाटा
   |१={{क्लेड
      |१=पाल
      |२={{क्लेड
         |१=सापसुरळी
         |२={{क्लेड
            |१=सरडा
            |२=घोरपड
            |३=नाग
            }}
         }}
      }}
   |२={{क्लेड
      |१=कासव
      |लेबल२=आर्कोसॉरिया
      |२={{क्लेड
         |१=मगर
         |२=चिमणी
         }}
      }}
   }}
}}

प्रत्येक आतला साचा थोडा उजवीकडे सरकवून लिहिला आहे. संगणकाला त्याची गरज नसते. ती लिहिणाऱ्याची सोय आहे. साचा उघडताच त्याचा बंद होणारा कंसही लिहून ठेवावा आणि मग मधला मजकूर भरावा, म्हणजे कंस सुटत नाही. शेवटी उघडणाऱ्या व बंद होणाऱ्या कंसजोड्या मोजून पाहाव्यात. वरील लेखनात दोन्ही सात-सात आहेत.

हे लेखन करताना प्रत्येक ओळीपाशी लिहिणाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो : हा कंस कोठे बंद होतो? चित्र काढताना रेघ कोठेही टेकविता येते. येथे तसे करता येत नाही. या पद्धतीचे शैक्षणिक मूल्य यातच आहे. नऊ टोकांना दुहेरी फाट्यांनी जोडण्याचे एकूण २०,२७,०२५ वेगवेगळे प्रकार गणिताने शक्य आहेत. वृक्ष लिहिणे म्हणजे त्यांतून निवड करणे आणि त्या निवडीची जबाबदारी घेणे होय. याउलट, वरील वृक्षातील फांद्या केवळ वरखाली केल्या तर सहा दुहेरी आणि एक तिहेरी फाटा मिळून ३८४ वेगवेगळ्या मांडण्या होतात; पण त्या सर्वांचा अर्थ एकच राहतो.

या वृक्षातून काय वाचावे?

पहिली गोष्ट मगरीची. रूपाने मगर पालीसारखी दिसते. पण तिचा व चिमणीचा समान फाटा आर्कोसॉरिया येथे आहे, तर तिचा व पालीचा फाटा त्याहून बराच मागे, सॉरॉप्सिडा येथे आहे. म्हणून कृष्णेच्या पात्रातील मगर भिंतीवरच्या पालीपेक्षा अंगणातील चिमणीला जवळची ठरते. येथून दुसरा मुद्दा निघतो. आपण 'सरीसृप' म्हणून जो वर्ग शिकवितो, त्यात पाल, नाग, कासव व मगर येतात आणि पक्षी वगळले जातात. म्हणजे एका पूर्वजाचे काही वंशज घेतले व काही सोडले. वर्णनासाठी हा शब्द सोयीचा असला तरी तो क्लेड नव्हे. विद्यार्थ्याला हे वाक्यात सांगण्याऐवजी 'सरीसृपांभोवती एकच कंस घालून दाखवा' असे सांगावे. चिमणी आत आल्याशिवाय तो कंस बंदच होत नाही, हे त्याला स्वतःलाच उमगते.

तिसरा मुद्दा आपल्या भाषेतील नात्याचा. सापसुरळीला अनेक ठिकाणी 'सापाची मावशी' म्हणतात. तिचे गुळगुळीत, लांबट शरीर आणि आखूड पाय पाहता हे नाव स्वाभाविक आहे. परंतु २००५ पासूनच्या जनुकीय अभ्यासांनुसार साप, घोरपडीचा गट आणि सरड्याचा गट हे परस्परांना अधिक जवळचे असून सापसुरळीची शाखा त्याआधीच वेगळी झालेली आहे. अर्थात मावशीपेक्षा घोरपडच नागाची जवळची नातेवाईक ठरते. केवळ शरीररचनेवर आधारलेल्या काही अभ्यासांचा निष्कर्ष याहून वेगळा आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. रूपसाम्य आणि रक्ताचे नाते यांतील फरक समजावण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

चौथा मुद्दा तिहेरी फाट्याचा. सरडा, घोरपड व नाग यांना एकाच साच्यात १, २, ३ असे लिहिले आहे. याचा अर्थ तिन्ही शाखा एकाच क्षणी फुटल्या असा नव्हे; त्यांतील आधी कोणती, याविषयी पुरावे एकमुखी नाहीत, एवढेच त्यातून सांगावयाचे आहे. जे ठरलेले नाही ते ठरलेले असल्यासारखे न दाखविणे ही वैज्ञानिक प्रामाणिकतेची बाब होय.

दुरुस्तीची सुलभता

कासवाचे स्थान हे या संदर्भात उद्बोधक उदाहरण आहे. कवटीच्या रचनेवरून कासवे सॉरॉप्सिडातील सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा मानली जात. त्यानुसार वृक्ष असा लिहिला जाई : (कासव,(पाल,(मगर,चिमणी))). २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत जनुकीय अभ्यासांनी कासवांना मगर व पक्षी यांच्या भगिनीगटाचे स्थान दिले. त्यानुसार लेखन (पाल,(कासव,(मगर,चिमणी))) असे झाले. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या की वाद नेमका कोठे आहे हे दिसते : कासव आणि पाल यांनी जागांची अदलाबदल केली आहे, मगर-चिमणी हा कंस मात्र तसाच आहे. चित्र असते तर ते पुन्हा काढावे लागले असते. येथे दोन नावे बदलली की काम झाले.

विकीवर अशा प्रत्येक बदलाची नोंद पानाच्या 'इतिहास' विभागात वेळेसह राहते आणि बदलाची कारणे 'चर्चा' पानावर मांडता येतात. कोणी, केव्हा, कोणत्या आधारावर बदल केला हे कोणालाही पाहता येते. शिवाय एका भाषेतील वृक्ष दुसऱ्या भाषेत नेताना रचना तशीच ठेवून केवळ नावे बदलावी लागतात. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. मराठीतून विज्ञानलेखन करणाऱ्यांसाठी ही सोय लहान नाही.

घ्यावयाची काळजी

या साच्याच्या मर्यादाही जाणून घेणे आवश्यक आहे. (१) यातील फांद्यांची लांबी कालावधी दर्शवीत नाही. मगर व पक्षी यांच्या वंशरेषा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, ही माहिती रेषेच्या लांबीवरून कळत नाही. ती शब्दांत द्यावी लागते. (२) सर्वांत वर लिहिलेली गाय 'मागासलेली' आणि सर्वांत खालची चिमणी 'प्रगत', असे वाचले जाण्याचा धोका असतो. वृक्षावरील सर्व टोके आजचीच आहेत. (३) विकिपीडियावर स्वतःचे अप्रकाशित संशोधन मांडता येत नाही. दोन शोधनिबंधांतील वृक्ष आपल्या मर्जीने एकत्र करून तिसराच तयार करणे तेथे मान्य होत नाही. प्रत्येक वृक्षाचा प्रकाशित आधार दिला पाहिजे. (४) सराव प्रत्यक्ष लेखात न करता 'धूळपाटी'वर करावा. पूर्वी मुले धूळ पसरलेल्या पाटीवर अक्षरे गिरवीत. विकीवरील सरावाच्या पानाला हेच नाव मिळाले आहे आणि ते समर्पक आहे. (५) महाविद्यालयाने स्वतःची विकी उभारल्यास हा साचा व त्याचा लुआ विभाग तेथे आयात करावा लागतो. केवळ नाव लिहिल्याने वृक्ष उमटत नाही.

अन्य विद्याशाखांशी संबंध

ही पद्धती केवळ जीवशास्त्रापुरती नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ मध्ये आरंभिले व १९६६ मध्ये पूर्ण केले. तिचे प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत हस्तलिखितांच्या परंपरांचा वंशवृक्ष मांडला. एका बाजूस शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली इत्यादी लिप्यांतील उत्तरेकडील परंपरा आणि दुसऱ्या बाजूस तेलुगू, ग्रंथ व मल्याळम या लिप्यांतील दक्षिणेकडील परंपरा, अशी त्याची मुख्य विभागणी आहे. भाषाकुलांचे वृक्ष ऑगस्ट श्लायखर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मांडले होते. यांपैकी कोणताही वृक्ष याच साच्यात लिहिता येईल.

मात्र सर्वत्र एक अडचण समान आहे. वृक्षात फांद्या फुटतात, त्या पुन्हा एकत्र येत नाहीत. हस्तलिखिते लिहिणारे दोन पोथ्या समोर ठेवून पाठ मिसळीत; शेजारच्या भाषा एकमेकींकडून घेत असतात; जिवाणूंमध्ये जनुकांची देवाणघेवाण होते; आणि आपल्या रोजच्या पोळीचा गहूदेखील वेगवेगळ्या गवतवर्गीय वनस्पतींच्या संकरातून उत्पन्न झालेला आहे. अशा ठिकाणी कंसांची भाषा अपुरी पडते. कंस जेथे बंद करता येत नाही, तेथे नाते वृक्षाचे नसून जाळ्याचे असण्याची शक्यता तपासावी. ही जाणीव करून देणे, हादेखील या लेखनपद्धतीचा एक लाभ मानता येईल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, विकी-लेखनपद्धतीने वृक्ष लिहिणे हे केवळ तांत्रिक कौशल्य नव्हे. त्यात प्रत्येक फाट्याविषयी स्पष्ट विधान करावे लागते, अनिश्चितता मान्य करावी लागते आणि दुरुस्तीची वाट मोकळी ठेवावी लागते. यासाठी महागडी संगणकप्रणाली लागत नाही. संगणक नसेल तर केवळ कंसांचे लेखन फळ्यावरही करता येते. प्रस्तुत लेखिका आता वर्गात आकृती दाखविण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून कंस लिहून घेते. मगर कोणाच्या कंसात आहे, असे विचारले की उत्तर शेजारावरून येत नाही, फाट्यावरून येते. प्राध्यापक बंधुभगिनींनी आपापल्या विषयातील एखादा वृक्ष या पद्धतीने लिहून पाहावा. तो लिहिताना हात जेथे अडखळेल, तेथेच आपल्या समजुतीत काही तपासण्यासारखे आहे असे समजावे.